व्हिडिओ कापलेले गेम: त्यातली खरी माणसं तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिलीत?

तापीकाठ (भुसावळ)

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत एक सीडी सापडली. वर निळ्या मार्करने लिहिलंय, ‘रेड अलर्ट २, सोव्हिएत’. अक्षर माझं नाही, शाळेतल्या मित्राच्या ताईचं आहे. दोन दिवस डोक्यात तेच घोळतंय, म्हणून हा धागा.

ज्यांनी हे गेम पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक काळ असा होता की गेममध्ये मधे मधे खऱ्या नटांवर चित्रित केलेले प्रसंग असायचे. फुल मोशन व्हिडिओ, एफएमव्ही म्हणायचे त्याला. ‘रेड अलर्ट २’ हा युद्धाचा गेम आला २००० साली. त्यात अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला रे वाइज, मन ताब्यात घेणारा युरी झालेला उडो किएर, आणि ही सगळी माणसं थेट तुमच्याकडे बघून बोलायची. तुम्ही कमांडर. तुम्हालाच हुकूम, तुम्हालाच शाबासकी.

आता माझी गोष्ट. स्टेशनजवळच्या ज्या सायबर कॅफेत आम्ही तो खेळायचो तिथे यातलं काहीच नव्हतं! तिथला गेम ‘रिप’ होता. मूळ गेम दोन सीडींचा, एक सोव्हिएत बाजूची आणि एक अमेरिकेकडची, म्हणजे अलाइड; आणि कॅफेतल्या मशीनला हार्ड डिस्क इवलीशी. त्यामुळे कुणीतरी व्हिडिओच्या फायली आधीच काढून टाकलेल्या असायच्या. नवी मोहीम घेतली की क्षणभर काळा पडदा यायचा आणि लगेच नकाशा. मी वर्षभर तो गेम खेळलो आणि युरी नावाचा माणूस त्यात आहे हे मला ठाऊकच नव्हतं. कोण कुणाशी का लढतंय, काही पत्ता नाही. रणगाडे बनवा, पाठवा, संपलं.

मित्राचे वडील रेल्वेत गार्ड. त्यांनी मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून, दोन्ही सीडी आणल्या. उन्हाळ्याची सुट्टी होती, क्वार्टरमध्ये कूलर लावलेला, आणि आम्ही पाचसहा जण फरशीवर बसलेलो. इन्स्टॉल झालं, चालू केलं आणि पडद्यावर माणूस बोलायला लागला. फोनवर. खरा माणूस, सूट घातलेला. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. कुणीतरी विचारलं, “चुकून पिक्चर लागला का?”

इंग्रजी आम्हाला कळत नव्हतं. ताई तेव्हा अकरावीत होती, तिला बऱ्यापैकी कळायचं. त्यांचं मूळ गाव साक्रीकडचं, घरात अहिराणीच. तिने सांगितलं, “राष्ट्रपती फोनवर बोली राह्यना, पन पलीकडला ऐकत नही. तो टकल्या शिपाईसना डोकामा घुसना.” आणि खरंच, क्षेपणास्त्रं सोडायला बसलेल्या माणसांची मनं युरीने ताब्यात घेतली होती! त्या दिवसापासून ताई शेजारी बसल्याशिवाय आम्ही मोहीम सुरूच केली नाही. व्हिडिओ झाला की ती गोष्ट सांगणार, मग आम्ही खेळणार.

ही सीडी आता ड्राइव्हमध्ये घातली की नुसती घरघर करते. वाचत नाही. तिच्यासाठी काही उपाय आहे का? आणि दुसरं, आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडे अजून कुणी असे व्हिडिओ कापलेले गेम खेळलंय का? त्यातली माणसं तुम्हाला पहिल्यांदा कधी भेटली?

केळीबाग (रावेर)

भाऊ, मोटरसायकल शर्यतीचा रोड रॅश! आमच्या पूर्ण तालुक्यात एकच कॉपी फिरत होती आणि तिच्यात व्हिडिओही नव्हते, गाणीही नव्हती. शर्यत संपली की सरळ आकडे यायचे. पुढे पुण्याला होस्टेलवर पूर्ण गेम पाहिला. जिंकलो, पडलो, पोलिसाने पकडलं, दर वेळी खऱ्या माणसांची वेगळी चित्रफीत! आणि मागे साउंडगार्डनसारख्या बँडचं संगीत. १९९६ चा तो गेम मी २००४ साली पहिल्यांदा ‘ऐकला’. मुद्दाम हरायचो, पोलीस काय करतो बघायला.

बिनतारी (जळगाव)

सीडीचं बघू. आधी पृष्ठभागाचा फोटो टाका, दोन्ही बाजूंचा. वरच्या, म्हणजे लिहिलेल्या बाजूचा ओरखडा जास्त घातक असतो, कारण चकाकणारा थर त्या बाजूला अगदी पातळ लेपाखाली असतो. खालून ओरखडा असेल तर मधे जाड प्लास्टिक असतं, ते बऱ्याचदा निभावून नेतं.

व्हिडिओ का कापायचे हा मुद्दा निघालाय तर हिशेब मांडून दाखवतो, मला या हिशेबाचं पहिल्यापासून वेड आहे.

३२० बाय २०० चं चित्र घ्या. ६४,००० ठिपके. २५६ रंगांत प्रत्येक ठिपक्याला एक बाइट, म्हणजे एका चित्राला ६४,००० बाइट. सेकंदाला १५ चित्रं दाखवायची तर ९,६०,००० बाइट. सुरुवातीचा एकपट वेगाचा सीडी ड्राइव्ह सेकंदाला जेमतेम दीड लाख बाइट द्यायचा. गरज सहापटीहून जास्त! शिवाय आवाज वेगळा. आणि समजा ड्राइव्ह पुरेसा वेगवान असता, तरी ६५० एमबीची सीडी बारा मिनिटांच्या आत संपली असती.

म्हणून मग व्हिडिओ दाबून लहान करायच्या सिनेपॅक आणि स्मॅकर अशा तऱ्हा आल्या. आधीच्या चित्रात आणि या चित्रात जेवढं बदललं तेवढंच साठवायचं. म्हणूनच या गेममधली माणसं एका जागी उभी राहून बोलताना दिसतात आणि मागचा पडदा स्थिर असतो. कॅमेरा हलला की सगळंच बदलतं आणि चित्राचे चौकोन चौकोन होतात.

याच मालिकेतल्या पहिल्या ‘कमांड अँड कॉन्कर’मध्ये (१९९५) आणि पहिल्या ‘रेड अलर्ट’मध्ये (१९९६) एकाआड एक काळी रेघ असायची, आठवतंय? लहान चित्र मोठं करून दाखवताना मधल्या ओळी भरायच्याच नाहीत, काळ्या सोडायच्या. प्रोसेसरचं काम वाचायचं. मला तर त्या रेघांमुळे ती माणसं खरंच कुठल्यातरी लष्करी तळावरून बोलतायत असं वाटायचं. त्यांची सुधारून काढलेली आवृत्ती, रीमास्टर (२०२०), आल्यावर रेघांशिवाय पाहिलं आणि काहीतरी चुकल्यासारखं झालं.

सातपुड्याची_लेक (चोपडा)

मी बहुतेक इथल्या सगळ्यांपेक्षा मोठी आहे. माझी आठवण १९९७-९८ ची, कॉलेजच्या संगणक कक्षातली. एकाच मशीनला सीडी ड्राइव्ह होता आणि त्या मशीनसाठी वहीत नाव लिहून नंबर लावावा लागे. कुणीतरी ‘मिस्ट’ आणला होता.

कुणी खेळलंय का? एक निर्मनुष्य बेट. ग्रंथालयात एक लाल आणि एक निळं पुस्तक. पुस्तक उघडलं की पानावर काडेपेटीएवढी चौकट, आणि त्यात जुन्या टीव्हीवर यायच्या तशा मुंग्यांमागून एक माणूस बोलतोय, आपल्याला सोडवा म्हणतोय. जितकी पानं शोधून आणून द्याल तितका तो स्पष्ट होत जातो. दोन भाऊ, दोघंही म्हणतात दुसऱ्यावर विश्वास ठेवू नका.

खूप नंतर कळलं की गेम बनवणारे रँड आणि रॉबिन मिलर हे सख्खे भाऊच त्या भूमिकांत होते. नट घ्यायला जायची गरजच पडली नाही त्यांना. दोघंही नट नव्हेत, पण त्या मुंग्यांत ते पुरतं खपून गेलं. मला त्यांची ही युक्ती फार आवडते. चित्र खराब दिसणारच आहे ना, तर मग तो माणूस अशा ठिकाणी अडकलाय की तिथून चित्र खराबच येणार! हजारो मिशांचे, दाढ्यांचे थ्रीडी चेहरे पाहिले त्यानंतर, पण पुस्तकातून मागे वळून बघणारा तो माणूस मला आजही तसाच दिसतो. त्या कक्षात मुलींची वेळ चार ते पाच होती आणि पाच वाजले की उठावं लागायचं. तो भाऊ बोलायचा थांबला नसेल तरी.

पांझराकाठी (धुळे)

आठवणी छान आहेत सगळ्यांच्या, पण मी वेगळं बोलणार आहे. मला हे गेम कधीच पटले नाहीत आणि का ते सांगतो.

गेम म्हणजे मी काही केलं तर काही घडलं पाहिजे. ‘मॅड डॉग मॅक्री’ (१९९०) घ्या. लेझरडिस्कवरचा बंदुकीचा गेम. गुंड खिडकीत येतो, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. दुसऱ्यांदा खेळताना पाठच झालेलं असतं. आपल्याकडच्या यात्रेतल्या फुग्यांच्या नेमबाजीत जास्त कौशल्य लागतं, कारण तिथे छऱ्याची बंदूक वाकडी असते आणि फुगा वाऱ्याने हलतो.

आणि पैसा किती ओतला बघा. ‘विंग कमांडर ३’ (१९९४) ला सुमारे ४० लाख डॉलर, मार्क हॅमिलसारखा नट. चौथ्या भागाला (१९९६) सुमारे १ कोटी २० लाख डॉलर, ३५ मिमी फिल्मवर चित्रीकरण, खरे सेट, सहा सीडी. ‘फँटस्मागोरिया’ (१९९५) तर सात सीडींचा. मधेच सीडी बदला! एवढा खर्च करून खेळणाऱ्याच्या हाती काय? एक प्रसंग चित्रित केला की तो बदलता येत नाही. वाट दुभागायची तर दोन्ही वाटा चित्रित करा, एक वाट कुणी कधी बघणारही नाही. १९९६ पासून व्हूडूसारखी, संगणकात बसवायची थ्रीडी चित्रांची कार्डं आली आणि हा प्रकार बाजूला पडला. मला वाटतं ते योग्यच झालं.

रेड अलर्ट मलाही आवडतो. पण व्हिडिओ काढले तरी तो गेम उत्तमच राहतो. तुम्ही वर्षभर तसाच खेळलात ना, तापीकाठ?

तापीकाठ

पांझराकाठी दादा, मुद्दा मान्य. खेळलो. आणि मजा पण आली, खोटं कशाला बोलू.

पण फरक सांगतो. कॅफेत आम्ही खेळायचो तेव्हा हरलो की उठून जायचो. ताईसोबत खेळायला लागल्यावर हरलो की वाईट वाटायचं, कारण मोहिमेच्या आधी कुणीतरी आमच्याकडे बघून बोललेलं असायचं. बारा वर्षांच्या पोराला सूट घातलेला मोठा माणूस ‘कमांडर’ म्हणून हाक मारतो, तुमच्याशिवाय मार्ग नाही म्हणतो, हे त्या वयात दुसरं कुठे मिळत होतं? घरात, शाळेत आम्हाला कुणी काही विचारायचं नाही. रणगाडे तेच, नकाशा तोच, तरी पुढच्या खेपेला आम्ही जास्त नीट खेळलो.

तुम्ही म्हणता तसं नुसते बघत बसायचे गेम मलाही नको. पण खेळाच्या अलीकडे-पलीकडे दोन मिनिटं माणूस दिसावा, एवढं मला हवं.

मिरचीगाव (नंदुरबार)

आमची पिढी पुढची. गाड्यांच्या शर्यतीचा ‘नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड’, २००५. इथेही रिपच होता. व्हिडिओ नसल्यामुळे आम्हाला एवढंच माहीत, की सुरुवातीला बीएमडब्ल्यू असते आणि मग अचानक नसते. का नसते याच्यावर आमच्यात भांडणं. एक म्हणायचा गेममध्येच बिघाड आहे, एक म्हणायचा चोरीला गेली. सुरतला मामाकडे गेलो तिथे पूर्ण गेम होता. रेझर नावाच्या प्रतिस्पर्ध्याने गाडीत खोड करून ठेवलेली, शर्यतीत गाडी बंद पडते आणि तो ती घेऊन जातो! चोरी म्हणणारा जवळपास बरोबर निघाला, मी परत येऊन त्याला सांगितलं तर त्याने सगळ्या वर्गात सांगितलं.

गेममध्ये आपल्याला मदत करणारी मिया पोलिसांचीच माणूस आहे हे कळलं तेव्हा मी जेवायला उठलो होतो, तसाच परत बसलो.

त्यातली माणसं खरी आणि मागचं शहर, गाड्या संगणकावरच्या. सगळ्यावर पिवळसर ऊन. आम्हा नंदुरबारच्या पोरांना ते ऊन ओळखीचं वाटायचं, एप्रिलमध्ये मिरची वाळत घातलेली असते तेव्हा दुपारी चार वाजता असंच दिसतं.

अमळनेरकर

धागा आवडला. आमच्या गावाचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही: विप्रोचा जन्म इथला, १९४५ चा, वनस्पती तुपाच्या कारखान्यातून. त्या गावात माझ्या शाळेत १९९९ पर्यंत संगणक नव्हता.

मी या गेमच्या इतिहासाच्या मागे लागलेला माणूस आहे, म्हणून ‘नाइट ट्रॅप’बद्दल लिहितो. हा गेम बाजारात आला १९९२ ला, सेगा सीडी या गेमच्या यंत्रावर. पण चित्रीकरण १९८७ चं! हॅस्ब्रो ही खेळण्यांची कंपनी व्हीएचएस टेपवर चालणारा गेम बनवत होती. एकाच टेपवर अनेक चित्रपट्ट्या गुंफायच्या आणि यंत्राने हवी ती उचलून दाखवायची. तो बेत १९८९ मध्ये गुंडाळला गेला आणि चित्रित केलेलं सगळं तसंच पडून राहिलं. सीडी आल्यावर ते बाहेर काढलं.

खेळ असा, की एका घरात आठ ठिकाणी कॅमेरे आहेत आणि एका वेळी एकच बघता येतो. इकडे बघाल तोवर तिकडे काहीतरी घडून जातं. घरातल्या मुलींना वाचवायचंय. पांझराकाठी, ही कल्पना मला अजूनही मजबूत वाटते. प्रसंग बदलत नाहीत, पण तुम्ही कुठे नव्हता यावर सगळं ठरतं.

९ डिसेंबर १९९३ ला अमेरिकेच्या सिनेटमध्ये गेममधल्या हिंसेवर सुनावणी झाली, त्यात ‘मॉर्टल कॉम्बॅट’सोबत याचंही नाव घेतलं गेलं. पुढच्या वर्षी तिथे वयानुसार शिक्का मारणारी ईएसआरबी ही संस्था उभी राहिली. दोन्ही गेममध्ये खरी माणसं होती हे लक्षात घ्या. मॉर्टल कॉम्बॅटचे लढवय्ये म्हणजे कॅमेऱ्यासमोर लाथा मारणाऱ्या माणसांच्या फ्रेम कापून बसवलेल्या. चार हातांचा गोरो मात्र मातीच्या पुतळ्यावरून केलेला. नुसती चित्रं असती तर एवढा गहजब झाला असता असं मला वाटत नाही. आपल्याकडे बसस्टँडच्या पार्लरमध्ये मोठी माणसं सुद्धा त्या मशीनमागे उभी राहून बघायची, ‘हे खरे आहेत का रे?’ विचारत.

सातपुड्याची_लेक

अमळनेरकर, शेजारच्या मालेगावात हौशी सिनेमावाले हिरवा कपडा टांगून माणूस उडवायचे, ते आठवलं. निळ्या-हिरव्या पडद्यासमोर एकट्याने उभं राहून, समोर नसलेल्या माणसाशी बोलायचं. या गेममधल्या नटांवर वाईट अभिनयाचा शिक्का बसला, पण समोर ना सेट, ना दुसरा नट, आणि बोलायचं कुणाशी तर कॅमेऱ्याशी. पहिल्या कमांड अँड कॉन्करपासून लोकांच्या डोक्यात बसलेला खलनायक केन म्हणजे जोसेफ कुकन, नटांना दिग्दर्शन करणाराही तोच. त्याला कुणी वाईट म्हणून दाखवावं.

बिनतारी

फोटो बघितले. वरचा थर शाबूत आहे, खाली बारीक ओरखडे आणि बुरशीसारखे डाग. आशा आहे.

आधी साध्या पाण्याने धुवा, मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसा. गोल गोल अजिबात नाही. ओरखडा गोल गेला तर सलग माहिती जाते, आडवा गेला तर थोडी थोडी जाते आणि ती दुरुस्त होऊ शकते. पॉलिश, टूथपेस्ट वगैरे काही लावू नका.

मग विंडोजमध्ये कॉपी-पेस्ट करू नका, पहिल्या खराब जागेला ते हात वर करेल. डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम वापरा. वाचता येईल ते आधी उचलतो, खराब जागा टिपून ठेवतो आणि नंतर त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जातो. मधेच बंद केलं तरी पुढून सुरू होतं. एका ड्राइव्हला जे वाचता येत नाही ते कधी कधी दुसऱ्याला येतं, म्हणून ड्राइव्ह बदलून बघा. माझ्याकडे जुना चांगला ड्राइव्ह आहे, परवा भुसावळला येतोय, देतो.

आणि सगळ्यांनाच सांगतो, आपल्याकडचा उन्हाळा ४५ च्या पुढचा. घरी लिहिलेल्या सीडीतला रंग ऊन आणि उष्णतेने खराब होतो. पत्र्याखालच्या माळ्यावर असतील तर आजच खाली आणा.

केळीबाग

नवीन असं काही निघतं का हो? पोराला दाखवायला.

अमळनेरकर

निघतं. ‘हर स्टोरी’ (२०१५) बघा, पोरगा मोठा असेल तर. एका बाईच्या पोलीस चौकशीच्या चित्रफितींचे तुकडे आहेत. शब्द टाइप करून शोधायचे, एका वेळी पहिले पाचच दिसतात. गोष्ट कुठल्या क्रमाने कळेल हे तुम्ही कुठला शब्द टाकता त्यावर. विवा साइफर्ट या एकाच अभिनेत्रीने सगळं पेललंय. पांझराकाठींना पण आवडेल असं वाटतं.

पांझराकाठी

काल रात्री घेतला. तीन वाजले. वहीत आठ पानं शब्द लिहिलेत. या एका गेमपुरतं माझं म्हणणं मागे घेतो.

तापीकाठ

उशिरा लिहितोय. बिनतारींचा ड्राइव्ह लावला, रात्रभर चालू ठेवला. सकाळी बघतो तर नऊ जागा सोडून सगळी सीडी निघाली होती! व्हिडिओंची मूव्हीज०२.मिक्स ही फाइल त्यातच, पूर्ण. एक्ससीसी मिक्सर या प्रोग्रामने उघडली, आत व्हिडिओ एकाखाली एक.

ताई आता सुरतला असते, उधन्याला. बऱ्याच वर्षांत बोलणं नव्हतं. मित्राकडून नंबर घेतला, व्हिडिओ कॉल लावला आणि काही न सांगता मोबाइल संगणकासमोर धरला. युरी पडद्यावर आला. ती थोडा वेळ गप्प, मग म्हणाली, “हाऊ तोच शे ना रे, टकल्या, डोकामा घुसणारा?”

पाऊण तास बोललो. तिच्या मुलीने मधे येऊन विचारलं हा कुठला पिक्चर, तर तिला पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगत बसली. मी ऐकत होतो. एकही प्रसंग विसरलेली नाही.

अलाइड वाली सीडी तिच्या म्हणण्याप्रमाणे साक्रीच्या घरी असणार, धान्याच्या कोठीवरच्या फळीवर. काकांना फोन केलाय, रविवारी जातोय. बिनतारी, ड्राइव्ह तोवर माझ्याकडेच राहू द्या.